च्वाकाची गाडी आणि एका माणसाचा होकार

मी च्वाकाची गाडी बोलतेय. ज्याला ऐकायचं नसेल त्यानं आत्ताच उठून आपल्या कामाला लागावं. कुणाच्या विनवण्या करून गोष्ट सांगणाऱ्यांतली मी नाही.

माझा जन्म दोनदा झाला. पहिला कुठल्यातरी लांबच्या देशातल्या कारखान्यात. तिथं मला इंजिन, चाकं आणि उघडी पाठ मिळाली, बस्स. त्या जन्माचं मला काही आठवत नाही आणि आठवावं असं वाटतही नाही. दुसरा जन्म इथला, झांझिबार बेटावरचा. म्वेरा गावात एका आंब्याखाली हमादी सुतारानं माझ्या पाठीवर लाकडी छप्पर चढवलं, दोन्ही कडांना लांब बाकं ठोकली, बाजू वाऱ्यासाठी मोकळ्या ठेवल्या आणि पावसासाठी वर ताडपत्री गुंडाळून बांधली. शेवटचा खिळा मारून झाल्यावर माझ्या कुशीवर थाप देत तो म्हणाला, "जा बाई. आता माणसं वाहा. सामान परवडतं, ते कुरकुरत तरी नाही."

खरं बोलला तो.

शाळेत मला कुणी घातलं नाही. रोज सव्वीस माणसं घेऊन दाराजानीच्या बाजारातून च्वाकाच्या किनाऱ्यापर्यंत जायचं आणि परत यायचं, त्यांची बडबड ऐकायची, त्यातूनच मी भाषा शिकले. शिव्या आधी शिकले, दुवा मागाहून. पण शिकले ते पक्कं. बाकावर बसणाऱ्याच्या नुसत्या बसण्यावरून मी सांगायचे, हा घरी भांडून आलाय की हिला आज मासे जास्त मिळालेत. माणूस बाकाला टेकला की त्याचा आवाज फळीतून माझ्या हाडांत उतरतो. तोंडानं बोललेलं सगळ्यांना ऐकू येतं. छातीत अडलेलं मात्र फक्त मला ऐकू यायचं.

आणि अडलेलं सगळ्यात जास्त होतं माकामेच्या छातीत.

माकामे डुंगा गावचा. डुंगा आमच्या वाटेत मध्यावर लागतं. शहरालगत अमानीला लाकडी दारांवर नक्षी कोरण्याचा कारखाना होता, तिथं तो कामाला होता. वय चौतीस. हात असा, की त्यानं कोरलेल्या कमळाला लोक वाकून वास घ्यायचे. पण जीभ अडायची. शब्दाचं पहिलं अक्षर दाताशी येऊन बसायचं आणि पुढे सरकायचंच नाही.

आता आमच्या गाडीची रीत ऐका. छताला ठोकून गाडी थांबवायचा मान कंडक्टरचा. उतारूनं आपलं ठिकाण जवळ आलं की तोंडानं ओरडायचं, 'उतरायचंय!' मग कंडक्टर ठोकणार, मग ड्रायव्हर थांबवणार. माकामेच्या ओठांवर 'उ' यायचा आणि तिथंच राहायचा. तोवर डुंगा मागे पडायचं. पुढच्या गावाला कुणी उतरलं की त्याच्याबरोबर तोही उतरायचा आणि मुकाट उलटा चालत जायचा. एकदा त्यानं स्वतःच छताला ठोकलं, तर किब्वाना त्याच्यावर असा खेकसला की पुन्हा त्याचा हात वर गेला नाही.

किब्वाना आमचा कंडक्टर. चाळिशी उलटलेला, दारात एका पायावर लटकणारा, दिवसभर तोंड चालू.

"काय रे माकामे, काल उतरायचं विसरलास, आजही विसरलास! घरी बायको नाही म्हणून घरच विसरायचं का?"

"म… मी… मी…"

"मी मी काय? बकरी आहेस?"

लोक हसायचे. मासे विकणारी पिलीआजी मात्र टोपली मांडीवर घट्ट धरून म्हणायची, "किब्वाना, तुझ्या तोंडाला रस्ता दिलाय देवानं, थांबा कुठंच दिला नाही."

त्याच गाडीत तुनू असायची. तुनू च्वाकाची, कोळ्याची लेक. शहरातल्या हॉटेलात चादरी धुवायला जायची. साबणानं हातांची सालं निघालेली, पण मान ताठ. तिनं हे महिनाभर बघितलं. मग एका संध्याकाळी डुंगा जवळ आलं तशी ती बसल्या जागेवरून कडाडली, "डुंगाला उतरायचंय!"

किब्वानानं ठोकलं, मी थांबले. किब्वाना आत डोकावून म्हणाला, "तुनू, तू डुंगाला कधी राहायला आलीस गं?"

"मी नाही आले. माणूस उतरू दे, मग चौकशा कर."

माकामे उतरला. तिच्याकडे वळून त्यानं तोंड उघडलं. त्याचे आभार बाहेर निघेपर्यंत मी पाव मैल पुढे गेले होते.

त्यानंतर ती रोज ओरडायची. आणि तो रोज तोंड उघडून रस्त्यात उभा राहायचा.

माझा ड्रायव्हर वुआईबाबा. एकवीस वर्षं माझं चाक त्याच्याच हातात. त्याची भाची झुवेना रेडिओवर कामाला. तिनं एक दिवस नखाएवढं कार्ड आणून दिलं. एका म्हाताऱ्या बाईनं अख्खं पुस्तक मोठ्यानं वाचून त्यात भरलं होतं, चाळीस भाग. माझ्या पोटातली गाणी वाजवणारी पेटी ते कार्ड गिळायची. किब्वानाचा जीव वरखाली झाला.

"वुआईबाबा, गाणीच लावा. गोष्ट ऐकून लोक झोपतील, आणि झोपलेला माणूस बाकावर पसरतो. मी गिऱ्हाईक बसवू कुठं?"

"तुझ्या डोक्यावर बसव," म्हणत वुआईबाबानं कार्ड आत सरकवलं.

पेटीतून बाईचा आवाज आला. जुना, जरा घोगरा, पण चुलीजवळच्या उबेसारखा. ती म्हणाली, "पाऊक्वा!"

आमच्याकडे गोष्ट सांगणारा असं म्हणाला की ऐकणाऱ्यांनी 'पाकावा!' म्हणायचं असतं. तुम्ही जागे आहात, तुम्हाला हवंय, हे कळल्याशिवाय गोष्ट पाऊल टाकत नाही. हे कुणी कुणाला शिकवत नाही, अंगाईबरोबरच अंगात उतरतं. तर सव्वीस तोंडांनी एकदम आरोळी दिली, "पाकावा!"

पण बाई पडली पेटीतली. समोर कोण बसलंय याचा तिला काय पत्ता! ती थांबलीच नाही. आमच्या आरोळीत गोष्टीचं पहिलं वाक्य बुडालं.

"काय म्हणाली?"

"कुणाचा तरी बाप समुद्रात गेला म्हणाली."

"कुणाचा बाप?"

"गप्प बसलात तर कळेल ना!"

"बाबा, पहिल्यापासून लावा."

वुआईबाबानं पहिल्यापासून लावलं. बाई म्हणाली, "पाऊक्वा!" आणि सव्वीस तोंडं पुन्हा, "पाकावा!" पहिलं वाक्य पुन्हा बुडालं.

"अहो, उत्तर देऊ नका!" मागून एक मास्तर ओरडले. "तिला ऐकू येत नाही!"

"उत्तर द्यायचं नाही?" पिलीआजी उसळली. "म्हातारी बाई तोंड भरून विचारतेय आणि आपण गप्प बसायचं? आपण काय गुरं आहोत?"

तिसऱ्यांदाही तेच. अमानीपर्यंतच्या सगळ्या वाटेत आमची गोष्ट एका शब्दापुढे गेली नाही. शेवटी वुआईबाबानं मला रस्त्याच्या कडेला घेतलं, अंगठा बटणावर ठेवला, बाईला 'पाऊक्वा' म्हणू दिलं आणि तिथंच दाबून धरलं. "पाकावा!" गाडी घुमली. मग अंगठा उचलला.

"एका होडी बांधणाऱ्याची लेक होती," बाई म्हणाली. "तिचा बाप अर्धवट बांधलेल्या होडीतून समुद्रावर गेला, तो परत आला नाही."

आणि माझ्या आत जे झालं, ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. एकवीस वर्षं मी माणसांचं वजन वाहिलं, त्यांची शांतता कधी वाहिली नव्हती. बाहेर लवंगांची झाडं मागे पळत होती आणि आत समुद्र भरत होता. पिलीआजीच्या टोपलीतला मासा पदराखाली तसाच ओला, तिचा हात मधेच थांबलेला. मास्तर छत्रीच्या मुठीवर हनुवटी टेकून. ज्या बाया रोज जागेवरून भांडायच्या त्या एकमेकींच्या खांद्याला टेकलेल्या. एक म्हातारी बाई, कुठल्या खोलीत कधी बसून बोललेली, देव जाणे. आणि तिच्या शब्दांनी सव्वीस माणसांच्या डोळ्यांपुढे एकच होडी उभी केली. तिचा रंग प्रत्येकाचा वेगळा असेल, पण होडी एकच! मी लाकडाची आहे, लोखंडाची आहे. पण त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला.

मग ते रोजचंच झालं. सकाळी एक भाग. संध्याकाळी तोच भाग पुन्हा, ज्यांचा सकाळी चुकला त्यांच्यासाठी. माणसं आपलं गाव आलं तरी उतरेनात. एकदा एक बाई ओलांडून गेलेलं गाव बघून म्हणाली, "जाऊ दे, ती आधी किनाऱ्याला लागू दे." किब्वाना दारात लटकताना एक कान आत ठेवायचा आणि रस्त्यावर हात करणारे लोक तसेच राहायचे. नव्या उतारूला पिलीआजी मागची गोष्ट सांगायची. तिच्या तोंडी होडीवाल्याची लेक जरा जास्तच भांडकुदळ व्हायची.

आता मला जे एकटीला कळलं ते सांगते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशीची गोष्ट. बाई म्हणाली, "पाऊक्वा!" सगळे म्हणाले, "पाकावा!" आणि मागच्या कोपऱ्यातल्या फळीतून एक आवाज माझ्यात उतरला, जो मी त्याआधी अखंड कधी ऐकला नव्हता. माकामेचा. न अडता, न तुटता, चांगला रंधा मारलेल्या लाकडासारखा सरळ. सगळ्यांच्या आवाजात मिसळला की त्याच्या जिभेची गाठ सुटत होती!

त्याला स्वतःलाही ते कळलं. फळीनं सांगितलं मला.

मग संध्याकाळी, सकाळचाच भाग लागल्यावर, तो बाईबरोबर बोलायला लागला. आधी नुसते ओठ, मग कुजबुज. सकाळी ऐकलेलं त्याच्या ध्यानात असायचं. बाईच्या आवाजाला खांदा लावून तो तिच्या बाजूनं चालायचा. होडी, वारा, वल्हं, बाप, अख्खी वाक्यं. ज्याला 'उतरायचंय' म्हणता येत नव्हतं, तो समुद्र ओलांडत होता. शेजाऱ्याला वाटायचं, झोपेत पुटपुटतोय. समोर बसलेली तुनू तेवढी त्याच्या ओठांकडे बघायची, आणि कुणी आपल्याकडे बघितलं की झटकन झाडांकडे.

एका संध्याकाळी म्वेराच्या पुढे पोलिसानं हात केला. वुआईबाबानं घाईनं पेटी बंद केली. बाई वाक्याच्या मधे थांबली. पण माकामे थांबला नाही. डोळे मिटलेले, त्याला कळलंच नाही. गाडीत त्याचा एकट्याचा आवाज आला, खणखणीत, "आणि त्या मुलीनं शीड सोडलं…" चार-पाच शब्द. मग त्याला जाणवलं की आपण एकटे आहोत, आणि पुढचा शब्द दाताशी येऊन अडकला.

सगळ्या माना मागे वळल्या. किब्वानानं तोंड उघडलं. तुनूनं त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्यानं तोंड मिटलं. माझ्या आठवणीत त्यानं उघडलेलं तोंड काही न बोलता मिटायची ती पहिली वेळ.

पोलिसानं जायला सांगितलं. मी निघाले. पेटी बंदच राहिली, कुणी लाव म्हणालं नाही. आणि मग माकामे तुनूला म्हणाला, "त… तुझ्या… घ… घ…"

ते वाक्य म्वेराच्या वळणापासून डुंगापर्यंत चाललं. वुआईबाबानं मला बैलगाडीच्या चालीनं नेलं. मागून येणारे भोंगे वाजवून वाजवून पुढे गेले. गाडीत कुणी खोकलंसुद्धा नाही. तुनू त्याच्याकडे तोंड करून बसून राहिली. तिनं एकही शब्द त्याच्या तोंडात घातला नाही. डुंगाचं फणसाचं झाड दिसायला लागलं तेव्हा वाक्य पुरं झालं. "तुझ्या घरी मागणी घालायला माणूस पाठवू का?"

"पाठव," तुनू म्हणाली. "आणि दोन दिवसांत पाठव. मला वाट बघायची सवय नाही."

पिलीआजीनं एवढ्या मोठ्यानं नाक शिंकरलं की टोपली हलली.

पण प्रकरण एवढं सोपं नव्हतं. तीन वर्षांमागे माकामेचं लग्न एकदा ठरलं होतं, दुसऱ्या गावात. मशिदीत काझींनी त्याला विचारलं आणि त्याच्या तोंडून होकार निघेना. मुलीच्या मामाला वाटलं, याच्या मनात नाही. तो तडक उठला, त्याच्यामागे सगळी मंडळी उठली. वाढलेला भात ताटात तसाच राहिला. त्या मुलीला वर्षभर लोक विचारत होते, तुझ्यात असं काय होतं गं, की तो गप्प बसला?

हे सगळं तुनूच्या बापाला, आमेला, ठाऊक होतं. आमे कोळी. कमी बोलणारा. पोरगा त्याला आवडला होता, पण त्यानं निरोप धाडला, "होकार मशिदीत, सगळ्यांसमोर, कानांनी ऐकू आला पाहिजे. माझी पोर लोकांच्या तोंडी पडली, तर मी दुसऱ्यांदा या घराशी बोलणी करणार नाही."

माकामेचा चुलता म्हणाला, "अरे, तुझ्या वतीनं मी कबूल म्हणतो की. धर्मात चालतं ते."

"च… चालतं," माकामे म्हणाला. "प… पण ल… लग्न माझं आहे."

आम्ही सगळ्यांनी त्याच्यासाठी काय काय नाही केलं! वुआईबाबा दिवसाला तीन भाग लावायला लागला. किब्वाना त्याला रोज म्हणायचा, "म्हण रे, मला हे लग्न कबूल आहे! माझ्याबरोबर म्हण!" आणि किब्वानाबरोबर तो म्हणायचा, स्वच्छ म्हणायचा. मग सगळेच म्हणायला लागले. मास्तरसुद्धा. ज्यांची लग्नं होऊन चाळीस वर्षं झाली ते म्हातारेही रोज सकाळी-संध्याकाळी छाती फुगवून कबूल आहे, कबूल आहे. पिलीआजी म्हणायची, "यांच्या बायकांना कळलं तर माझ्यावर येऊ नका."

पण एकट्यानं म्हण म्हटलं की 'म' दाताशी बसायचा.

लग्नाचा दिवस आला. दुपारच्या नमाजानंतर मी डुंगाहून च्वाकाला निघाले. वऱ्हाड माझ्यातच. सतरा पुरुष पांढऱ्या अंगरख्यांत, भरतकामाच्या टोप्या घालून, आणि नऊ बायका, अत्तरानं माझं छप्पर दरवळून टाकलेलं. माकामे मध्यभागी. त्याच्या छातीचा ठोका फळीतून माझ्यात उतरत होता, आणि तो ठोका बरा नव्हता. वुआईबाबानं गोष्ट लावली. माकामे बाईबरोबर बोलत राहिला, शेवटच्या वळणापर्यंत. मग तो उतरला. त्याचा आवाज ज्या खांद्यावर टेकायचा तो खांदा माझ्या पोटात राहिला.

पुरुष मशिदीत गेले. बायका माझ्यातच बसल्या. तुनू रस्त्यापलीकडे बापाच्या घरात, मेंदी लावलेल्या हातांनी, बायकांच्या गराड्यात. मशिदीला बाहेर भोंगा होता. आतलं सगळं त्यातून गावभर ऐकू जायचं. होकार सगळ्यांच्या कानांनी ऐकायचा म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. अडखळला तर तेही सगळं गाव ऐकणार होतं.

निकाह लावायला बसलेले शेख मुहिद्दीन यांचा आवाज आला. "माकामे, आमेची मुलगी तुनू हिच्याशी मी तुझा निकाह लावून देतो आहे."

"म…"

भोंगा घुमत राहिला.

"म… म…"

पिलीआजीनं माझा खांब धरला. रस्त्यावरून जाणारा एक सायकलवाला पाय टेकून उभा राहिला. आमेच्या घरातले बायकांचे डफ बंद पडले.

"म…"

आणि मग आतून सतरा गळ्यांची आरोळी उठली, "मला हे लग्न कबूल आहे!"

सवय हो, दुसरं काय! आमची माणसं. समोरून आवाज आला की उत्तर द्यायचं, आणि कुणी अडलं की सगळ्यांनी मिळून ढकलायचं. त्या आरोळीत माकामेचा आवाजही होता. स्वच्छ. मी ओळखला.

मग शेखसाहेब, अगदी सावकाश, "हे काय? एका मुलीला सतरा नवरे? आमे, तू एवढे जावई बोलावले होतेस का?"

आत हसू फुटलं. किब्वानाचा आवाज, "माफ करा शेखसाहेब, आमच्या गाडीत असंच…"

"तुझी गाडी बाहेर. इथं मला एकच माणूस हवाय."

"शेखसाहेब," हा आमे होता. तो कमी बोलणारा माणूस. "त्यांच्यात माकामेही बोलला. मी ऐकलं. माझं समाधान आहे."

"माझं नाही. मी सतरा जण ऐकले."

आणि तेवढ्यात माकामे. "प… प… परत. म… मला… परत विचारा."

मी तुम्हाला सांगते, तो तिथं सुटू शकत होता. मुलीचा बाप राजी होता. आरोळीच्या आडोशानं निघून गेला असता तर कुणी बोट दाखवलं नसतं. पण तो म्हणाला, परत विचारा. गावभर भोंगा चालू असताना!

"विचारतो," शेखसाहेब म्हणाले. "आणि आता मधे जो तोंड उघडेल त्याला मी बाहेर घालवीन. कुणी घाई करू नका. मला आज दुसरं काही काम नाही."

त्यांनी पुन्हा विचारलं. वुआईबाबानं चावी फिरवून माझं इंजिन बंद केलं. इंजिन बंद झाल्यावर मला पहिल्यांदा ऐकू आलं की समुद्र किती जवळ होता.

"म… म… मला…"

थांबलं.

"हे… ल… ल… लग्न…"

पिलीआजीचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. तिनं तोंडावर पदर दाबून धरला होता. रस्त्यापलीकडे घराचं दार उघडलं आणि तुनू उंबऱ्यात येऊन उभी राहिली. नवरीनं असं यायचं नसतं. तिला कुणी आत ओढलं नाही.

"क…"

हा 'क' सगळ्यात कठीण होता. किती वेळ गेला कोण जाणे. एक लाट आली, मागे गेली. दुसरी आली. माणूस होडीत एकटा असावा आणि किनारा समोर असावा, तसं काहीतरी. आणि सगळं गाव, बायका, मुलं, तो सायकलवाला, आत सतरा पुरुष, कुणीही त्याला ढकललं नाही. गोष्ट ऐकताना मी माणसांना गप्प बसलेलं पाहिलं होतं. पण ते पुढे काय होणार म्हणून. इथं पुढे काय होणार ते सगळ्यांना ठाऊक होतं, शब्द पाठ होता प्रत्येकाला, आणि तरी सगळं गाव एका माणसाच्या एका शब्दासाठी थांबलं होतं. याहून मोठं मी काही पाहिलं नाही, आणि मी सत्तावीस वर्षं रस्ता पाहिलाय.

"क… क… कबूल आहे."

शेखसाहेबांनी विचारलं, "झालं?"

"झ… झालं."

मग काय झालं ते मला धड सांगता येणार नाही. बायकांनी जीभ हलवून आनंदाची किंकाळी दिली ती माझ्या आतून सुरू झाली आणि पार किनाऱ्यापर्यंत गेली. पिलीआजी रडत होती, आणि विचारणाऱ्याला सांगत होती की डोळ्यात धूर गेला. चूल तिथं कुठंच नव्हती. किब्वाना मशिदीतून बाहेर आला तो माझ्याशी येऊन टेकला. उंबऱ्यातली तुनू मात्र हसत आत पळाली.

माकामेची जीभ सुटली असं समजू नका. ती तशीच आहे. तुनूला ती तशीच पसंत आहे.

त्याला आता सहा वर्षं झाली. च्वाकाच्या रस्त्यावर नव्या गाड्या आल्या, काचा बंद, बाकं मऊ. वुआईबाबाचे डोळे गेले. माझं इंजिन काढून कुणी नेलं, चाकं कुणी. लाकडी अंग तेवढं उरलं, ते माकामेनं डुंगाला आपल्या अंगणात आणून उभं केलं. आता तो घरीच दारं कोरतो, आणि माझ्या बाकांवर त्याची गिऱ्हाईकं बसतात. भुसा माझ्या फटीफटीत जातो. मला शिंक येत नाही हे बरं.

समोरून नव्या गाड्या जातात. प्रत्येकाच्या कानात एकेक बोंड, प्रत्येकाची गोष्ट वेगळी. माझा राग नाही त्यांच्यावर. थोडा आहे. पण कुणाच्याही आवाजात गोष्ट ऐकणारा माणूस दिसला की मी अजून बघत राहते. चेहरा तसाच होतो हो, होडी दिसल्यासारखा.

परवा शहरातून एक साहेब दार सांगायला आले. माकामे सांगत होता, लाकूड कुठलं घेऊ. "फ… फ…" साहेबांना घाई. "फळी? फणस? फणसाचं ना? बरं, फणसाचं करा!" माकामेनं मान हलवली, नाही. आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

आतून भाकरी थापता थापता तुनूचा आवाज आला. "साहेब, बसा. दार व्हायला महिना लागणार आहे. वाक्य त्याच्या आत होईल."

साहेब बसले. माझ्याच बाकावर. मी त्यांचा ठोका ऐकला, घाईचा होता. मग हळूहळू खाली आला.

माझं मागणं तेवढंच आहे. कुणाच्या ओठांवर शब्द अडला, तर तो तुम्हाला ठाऊक असला तरी त्याच्या तोंडातून काढून घेऊ नका. बसा. जागा आहे माझ्यात, सव्वीस जणांची.